सगळ्यांचंच दुखायलंय

या आठवड्यात एक काम करा. लातूरच्या गंजगोलाईत जाऊन उभे राहा. सोळा रस्ते तिथं येऊन मिळतात, त्यामुळं माणसांचा तोटा नाही. येईल त्याला विचारा, "काय दुखायलंय?" "काहीच नाही" म्हणणारा सापडला तर त्याला तिथंच बसवून ठेवा, आम्ही सत्काराला शाल-श्रीफळ घेऊन येतो. आडतीवरचा हमाल कंबर सांगेल, मुनीम मान सांगेल, सराफाच्या पेढीवरचे शेठजी पित्त सांगतील. मेस चालवणाऱ्या मावशी गुडघे सांगतील आणि त्यांच्याकडं डबा खाणारा नीटवाला पोरगा डोकं सांगेल. नांदेडच्या वजिराबादेत हाच प्रश्न विचारला तरी यादी तीच निघेल. फरक एवढाच, की तिथं मधूनच एखादा हैदराबादच्या डॉक्टरचं नाव घेईल. निजाम गेला, नातं राहिलं.

यावरून 'आपली पिढीच किडकी, जुनी माणसं बघा कशी खणखणीत' असा निकाल द्यायला पारावरची मंडळी टपलेलीच असतात. मंडळींनी जरा दम धरावा. केर व्हाइट नावाच्या अमेरिकी डॉक्टरनं आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी 1961 साली एक साधा हिशेब मांडला होता. सोळा वर्षांवरची एक हजार माणसं घ्या. एका महिन्यात त्यांतल्या 750 जणांना काही ना काही दुखणंखुपणं होतं. डॉक्टरकडं जातात 250. दवाखान्यात भरती होतात 9. एका डॉक्टरकडून दुसऱ्या डॉक्टरकडं पाठवले जातात 5. मेडिकल कॉलेजच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचतो तो 1. चाळीस वर्षांनी, 2001 साली, दुसऱ्या मंडळींनी हाच हिशेब पुन्हा घातला. दुखणंवाले 800 झाले, बाकी चित्र तेच.

डेन्मार्कात 2012 साली लाखभर लोकांना 44 लक्षणांची यादी पाठवली. ज्यांनी उत्तरं दिली त्यांतल्या दहापैकी जवळजवळ नऊ जणांनी गेल्या चार आठवड्यांत एक तरी लक्षण असल्याचं कळवलं. डेन्मार्क म्हणजे सायकलवर ऑफिसला जाणारा, सरकारी खर्चानं डॉक्टरकडं जाणारा, नळाला चोवीस तास पाणी असलेला देश. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तसले प्रसंग त्यांच्यावर येत नाहीत. तरी त्यांची पाठ दुखतेच, आणि सकाळी उठल्यावर अंग जड वाटतंच.

तेव्हा हे एकदा मान्य करू. ज्याला महिनाभर काहीच होत नाही असा प्रौढ माणूस हाच अपवाद आहे. जगातल्या सुमारे 40 टक्के लोकांना डोकेदुखीचा काही ना काही विकार आहे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेजारच्या कर्नाटकात पाहणी झाली, तेव्हा वर्षभरात एकदा तरी डोकं दुखलेले लोक शंभरात साठाहून अधिक निघाले. कंबरदुखीवाले जगभरात 2020 साली सुमारे 62 कोटी होते. म्हणजे तुमची कंबर धरली असेल तर तुम्ही एकटे नाही. तुमच्या मागं मोठा समाज आहे, फक्त त्याला अजून आरक्षण मिळालेलं नाही.

आता आपल्या सरकारी खात्याकडं वळू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 75व्या फेरीत, 2017-18 साली, देशभर घरोघरी विचारलं गेलं, की गेल्या पंधरा दिवसांत कोण आजारी होतं? उत्तर आलं साडेसात टक्के. हजारात 75. अमेरिकेत 750 आणि आपल्याकडं 75, एक शून्य वाटेत कुठंतरी उतरून गेलं. त्यांचा महिना आणि आपला पंधरवडा हा फरक धरा. लक्षण आणि आजार वेगळे हेही धरा. तरी एवढं मोठं शून्य जाईल कुठं?

ते आपल्या उत्तरात जातं. लोहा-कंधारकडच्या कुठल्याही ओसरीवर हा संवाद होऊ शकतो.

"मावशी, आजारी होता का मागच्या पंधरा दिवसांत?"

"न्हाई बाबा. आजारी पडायला टाइम कुणाला हाय?"

"कंबर वगैरे?"

"ती तर दुखतीच की."

"चक्कर?"

"सकाळच्या पारी येती जराशीक. बसलं की जाती."

"धाप?"

"पाणी आणताना लागती. ती काय सगळ्यांनाच लागती."

पाहणीवाला लिहितो: आजार नाही.

अमर्त्य सेन यांनी 2002 साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात याच गमतीवर बोट ठेवलं होतं. त्या वेळी भारतात सगळ्यात जास्त जगणारी माणसं केरळात होती आणि सगळ्यात जास्त आजारी असल्याचं सांगणारीही केरळातच. बिहारात आयुष्य कमी होतं आणि तक्रारही कमी. तक्रारींवरूनच आरोग्य ठरवायचं तर बिहार हे भारताचं थंड हवेचं ठिकाण ठरेल. अमेरिकेतली माणसं तर केरळवाल्यांपेक्षाही जास्त तक्रार करतात. कारण उघड आहे. शिकलेल्या माणसाला कळतं, की ही धाप 'सगळ्यांनाच लागती' यातली नाही. जवळ दवाखाना असलेल्या माणसाला तक्रार करण्यात काही हशील दिसतं. ज्याला सांगून काहीच होणार नाही, तो सांगत नाही. मोजणारे म्हणतात, छान, ठणठणीत आहे.

याहून कडू आकडा 1944 सालचा आहे, आणि तोही सेन यांनीच पुन्हा पुन्हा सांगितला. बंगालच्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी झालेल्या पाहणीत, आपण आजारी आहोत किंवा तब्येत यथातथाच आहे असं सांगणारे विधुर होते 48.5 टक्के. विधवा होत्या फक्त 2.5 टक्के. नुसतं 'तब्येत यथातथा' म्हणणाऱ्या विधवा किती? शून्य. त्या काळच्या बंगालात विधवा म्हणजे काय हाल, ते सांगायला नको. पण पाहणीच्या कागदावर त्या विधुरांपेक्षा कितीतरी निरोगी होत्या.

'ते जुनं झालं' म्हणाल. मग 2019 ते 21 मधली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी घ्या. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये रक्त कमी असलेल्या 54.2 टक्के. त्याआधीच्या फेरीत हा आकडा 48 होता. म्हणजे मेट्रो आली आणि बायकांचं रक्त उतरलं. हे रक्त बोटाला टोचून मोजलं म्हणून कळलं. विचारून मोजलं असतं तर 'बसलं की जाती' एवढंच हाती लागलं असतं.

मग आपली माणसं तक्रार करतच नाहीत असं आहे का? करतात की. बाजाराच्या दिवशी करतात. तालुक्याच्या गावी आठवडी बाजार असला की दवाखान्यापुढं चपलांचा ढीग लागतो. कोथिंबिरीची जुडी, नांगराचा फाळ, पोराच्या वह्या आणि सलाईन, एवढी खरेदी एका फेरीत उरकायची असते.

"डॉक्टरसाब, अंगात तरतरीच न्हाई. एक बाटली लावा."

"काका, बाटलीची गरज नाही. उन्हात हिंडलात. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्या, दोन दिवस आराम करा."

"मग तुमच्याकडं कशाला आलो?"

काका उठले. समोरच्या दवाखान्यात गेले. तासाभरानं हाताच्या मागं चिकटपट्टी लावून, हसत बाहेर आले. गावात बोलबाला असा झाला, की त्या डॉक्टरला काही येत नाही, ह्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे.

आता त्या गुणाचा हिशेब घ्या. अर्धा लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. ग्लुकोजच्या पाच टक्केवाल्या अर्धा लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, आपल्याकडच्या दोन कप कडक-मिठ्ठा चहात जाते साधारण तेवढीच. जुलाब-उलट्यांनी शोष पडलाय, तोंडानं काही राहत नाही, रक्तदाब खाली आलाय, तिथं हीच बाटली जीव वाचवते. पण चालत येऊन, पान खाऊन, बाटली लावून, मोटारसायकलवर किक मारून जाणाऱ्या माणसाला ती फक्त समाधान देते. समाधानही औषधच आहे असं कुणी म्हणेल. मान्य. पण मग ते पावतीवर समाधान म्हणून लिहावं.

बाटली हे गरिबाचं समाधान. खिशात थोडे जास्त पैसे असतील तर एमआरआय. मराठवाड्यात हल्ली पन्नाशीच्या माणसाला आपल्या जमिनीचा गट नंबर एक वेळ आठवणार नाही, पण एल-फोर एल-फाइव्ह तोंडपाठ असतं. "मणक्यात गॅप हाय" हे वाक्य तर लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याबरोबर वाढलं जातं. या गॅपचीही एक गंमत आहे. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा 3,110 माणसांच्या तपासण्यांचा 33 अभ्यासांतून गोळा केलेला आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या 37 टक्के लोकांच्या मणक्यांतल्या गाद्या झिजायला लागलेल्या दिसल्या. ऐंशीच्या घरातल्यांत 96 टक्के. फुगलेली गादी विशीतल्या 30 टक्के लोकांत, ऐंशीत 84 टक्क्यांत. आणि दुखत मात्र एकाचंही नव्हतं. थोडक्यात, वय झालं की केस पिकतात आणि मणके झिजतात. केसांचा फोटो काढून कुणी घाबरवत नाही, एवढाच फरक.

पाय लुळा पडायला लागला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, ताप आणि पाठदुखी एकदम आली, मार लागला, तर एमआरआय हवाच, आणि तातडीनं हवा. पण दोन दिवस सोयाबीन काढून कंबर धरली म्हणून नको. त्या कंबरेला चार-सहा आठवडे आणि थोडं चालणं-फिरणं पुरतं. अडचण ही, की चार-सहा आठवडे विकता येत नाहीत.

इथपर्यंत हसण्यावारी नेलं. पुढचं नेता येत नाही. लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात 2019 साली ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली, म्हणजे दर सहांत एक. बहुतेक जणी काय तक्रार घेऊन गेल्या होत्या? ओटीपोटात दुखतंय, अंगावरून पांढरं जातंय, पाळी अनियमित आहे. जगातल्या कुठल्याही दवाखान्यात रोज येणाऱ्या तक्रारी. फडावर संडास नाही, धुवायला पाणी नाही, डोक्यावर उसाची मोळी, पाळीत खाडा झाला तर मुकादमाची कपात. या दुखण्यावरचं औषध पाणी, संडास आणि सुट्टी होतं. ते महाग पडतं म्हणून पिशवी काढली. मुखेड-कंधारच्या तांड्यांवरूनही दरसाल ऊसतोडीला कोयते निघतात, तेव्हा हे बीडचं आहे म्हणून नांदेडकरांनी हात झटकू नयेत.

म्हणजे बघा. मावशीनं सांगितलं नाही तर ती निरोगी. सांगितलं तर बाटली. जरा जोरात सांगितलं तर एमआरआय. आणि गरीब असून सांगितलं तर सुरी. ऐकून घेणं या यादीत कुठंच नाही.

नाही, कारण त्याला वेळ लागतो. 67 देशांतल्या डॉक्टरांच्या भेटींचा वेळ मोजून 2017 साली एक आढावा निघाला. स्वीडनचा डॉक्टर एका पेशंटला साडेबावीस मिनिटं देतो, भारतातला सुमारे दोन मिनिटं. बांगलादेशात 48 सेकंद, तेव्हा आपण आशावादी राहायला हरकत नाही. दोन मिनिटांत नाव, गाव, वय आणि 'जीभ दाखवा' एवढंच होतं. उलट कर्ट क्रोएंके नावाच्या अमेरिकी डॉक्टरनं रोजच्या लक्षणांवरचे अभ्यास चाळून सांगितलंय, की निदानाची तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त माहिती नुसतं नीट विचारून आणि हातानं तपासून मिळते. किमान एक-तृतीयांश लक्षणांमागं ठळक असा रोग सापडतच नाही. बहुतेक काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप जातात. चार-पाचांतल्या एकाचं मात्र रेंगाळतं. म्हणजे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चालणारं यंत्र म्हणजे डॉक्टरचा कान, आणि नेमकं तेच यंत्र कुठल्याच दरपत्रकात नाही. नांदेडात अख्खी डॉक्टर लेन आहे. लातूर तर दरवर्षी देशाला डॉक्टरांची खेप पुरवतं. त्या सगळ्या पोरांना नीटसाठी चार पर्यायांतून एक निवडायला शिकवतात. समोरच्या काकाच्या तक्रारीला पर्याय छापलेले नसतात.

आणि तो हजारातला एक, मेडिकल कॉलेजपर्यंत पोचणारा? त्याची गोष्ट नांदेडनं 2023 साली देशाला दाखवली. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात बाळं होती. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून, तेलंगणाच्या हद्दीतून, शेवटच्या घटकेला माणसं तिथं येतात. खाली उपकेंद्रापासून ग्रामीण रुग्णालयापर्यंतच्या पायऱ्या नीट असत्या तर बरेच जण वर चढलेच नसते. मग उपाय काय झाला? हिंगोलीच्या तेव्हाच्या खासदारांनी येऊन प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. कॅमेरे हजर होते. फरशी चकाचक झाली.

गंमत म्हणजे, जे रोज दुखतं ते बहुतेक वेळा मारत नाही आणि जे मारतं ते बराच काळ दुखतच नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत प्रौढांपैकी 35.5 टक्के लोकांना उच्च रक्तदाब आणि 11.4 टक्के लोकांना मधुमेह निघाला. या दोघांची खासियत ही, की सुरुवातीची कित्येक वर्षं काहीच जाणवत नाही. गॅसवर भाषण देणारे काका, गुडघ्यांवर ग्रंथ लिहिणारे मामा, यांतल्या कितीजणांनी मागच्या वर्षात दंडाला पट्टा बांधून घेतलाय? उलट ज्यांना गोळी सुरू झालीय ते 'आता बरं वाटायलंय' म्हणून ती बंद करतात. वाईट कधी वाटलंच नव्हतं, हे विसरून.

तेव्हा वाचकांना चार गोष्टी, फी न घेता.

सर्दी, साधी अंगदुखी, अवघडलेली मान, परीक्षेच्या दिवसांतलं डोकं, श्रावणातल्या उपासाचं पित्त, यांना थोडे दिवस द्या. बहुतेक जातं. बाटली मागू नका. नाही म्हणणारा डॉक्टर भेटला तर त्याला सोडू नका, तो दुर्मीळ आहे.

छातीत दाटून येऊन घाम फुटला, तोंड वाकडं झालं, एक हात-पाय अचानक गळाला, अचानक धाप लागली, तर 'सकाळी बघू' म्हणू नका. 108 ला फोन लावा. त्या वेळी चुन्याची डबी काढून चर्चा करणारे नातेवाईक बाजूला करा.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त चालला, काही न करता वजन उतरायला लागलं, शौचातून किंवा थुंकीतून रक्त आलं, पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर ते 'सगळ्यांनाच होतं' यातलं नाही. लाजू नका, जा आणि सांगा. गर्भाशय काढायचं म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय सही करू नका.

आणि शेवटचं. वय तीसच्या पुढं असेल तर गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर मोजून घ्या. फुकट आहे, रांगही बाजाराच्या दिवशीपेक्षा कमी असते. जाताना घरातल्या बाईला बरोबर न्या आणि तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. ती म्हणेल, मला काही होत नाही. तरी न्या.